गाळलेलं टेबल

ललिताला त्या जर्मन माणसाचा राग यायला लागला होता. माणूस मरून दोनशे वर्षं होत आलेली, त्या बिचाऱ्याचा काय दोष! पण गेला महिनाभर तो त्यांच्या सिंगापूरमधल्या, पाया लेबारच्या फ्लॅटमध्ये मुक्काम ठोकून बसला होता. सकाळी चहाबरोबर हुम्बोल्ट, रात्री वरणभाताबरोबर हुम्बोल्ट. रत्नदीप दाढी करताना आरशाला सांगायचा, "मित्रहो, प्रशियातल्या एका उमराव घराण्यात जन्मलेला हा माणूस..." आणि ललिता बाथरूमच्या दारावर थाप मारून म्हणायची, "मित्रहो, बाहेर या आता! माझी लॅब तुमच्या प्रशियासाठी थांबत नाही."

झालं होतं असं, की दर ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या जवळचा रविवार पकडून, सिंगापूरमधली त्यांची मंडळी एकत्र जमत. फार नाहीत, पंधरावीस घरं. कुणी इंजिनियर, कुणी संशोधक, बहुतेकांच्या घरातली शिकलेली दुसरी नाहीतर तिसरी पिढी. ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डो सोसायटीतला हॉल भाड्यानं घ्यायचा, फुलं, मेणबत्त्या, वंदना, मग व्याख्यान आणि शेवटी खीर. खीर आधी दिली की व्याख्यानाला कुणी थांबत नाही, हे सुलेखाताईंना अनुभवानं कळलं होतं. सुलेखाताई म्हणजे मंडळाच्या सर्वेसर्वा. यंदा त्यांनी विषय दिला 'शिक्षण' आणि वक्ता पकडला रत्नदीप. रत्नदीप पाणी शुद्ध करणाऱ्या कंपनीत इंजिनियर, पण पीएचडी बर्लिनची, आणि तिथे असताना तो ज्या माणसानं ते विद्यापीठ उभं केलं त्याच्या प्रेमात पडून आलेला. मग काय, भुकेल्याला पंगतीचं बोलावणं आल्यासारखंच झालं.

मंडळाचा एक नियम होता. व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न मुलांपैकी कुणीतरी विचारायचा. ज्यांच्या पणज्यांना गावात मान वर करून बोलता येत नव्हतं, त्यांच्या पोरांनी भर सभेत आधी तोंड उघडायचं, असं अगदी पहिल्या वर्षी ठरलं होतं. नियम झकास. पण नियम आला की पळवाटही आलीच. हळूहळू वक्ते आपल्याच पोराला घरून प्रश्न पढवून आणायला लागले, आणि उत्तर आधीच खिशात. सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे कौतुकानं टाळ्या वाजवत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा पहिला प्रश्न अर्थातच प्रियदर्शिनीचा. रत्नदीप-ललिताची एकुलती एक, सोळा वर्षांची, अभ्यासात हुशार आणि डोक्यानं बापापेक्षा आईवर गेलेली. म्हणजे हट्टी.

आणि घरात खरा वणवा पेटला होता तो तिच्यामुळेच. हुम्बोल्टचा धूर त्यावर नुसता पांघरलेला.

शाळेच्या वर्कशॉपमध्ये या मुलीनं लाकडाला हात लावला आणि सगळं बिनसलं. दहावीसारखी ओ-लेव्हलची परीक्षा झाली की ज्युनिअर कॉलेज, मग युनिव्हर्सिटी, मग एखादी मोठी डिग्री, हा रस्ता ललितानं ती बालवाडीत असल्यापासून आखून ठेवला होता. आणि ही बया एका पॉलिटेक्निकच्या मुलाखतीला, स्वतः केलेलं स्टूल काखोटीला मारून, बसमधून गेली! फर्निचर करायचं शिकवणारा तीन वर्षांचा डिप्लोमा. "जस्ट ट्राय करते आई, मिळणार नाही लाह," असं सिंगापुरी हेल काढून म्हणून गेली होती. मिळाला. त्या लोकांना स्टूल इतकं आवडलं की परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच जागा देऊ केली. आता ती जागा घेतली की ज्युनिअर कॉलेजचं दार बंद. सोडली तर डिप्लोमा गेला. हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"तुम्ही दोघं हो म्हणालात तरच मी अ‍ॅक्सेप्ट करीन," प्रियानं शब्द दिला होता. "पण नाही म्हणालात तर का नाही ते सांगायचं. 'आम्ही सांगतो म्हणून' चालणार नाही."

का नाही? ललिताजवळ कारण होतं, आणि ते तिला शोधावं लागत नव्हतं. तिच्या वडिलांची आई, गंगाआजी, भोरच्या बाजारात सरपणाच्या मोळ्या विकायची. डोंगरातून लाकूड तोडून आणायचं, डोक्यावर घ्यायचं, आठ कोस चालायचं, आणि गिऱ्हाइकानं पैसे वरून टाकले की ओच्यात झेलायचे. हातात कोण देतो! त्या मोळ्यांवर तिनं पोराला शिकवलं. तो पोरगा मास्तर झाला, मास्तरची पोर सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करायला सिंगापूरला आली. आणि आता त्या पोरीची पोर म्हणते, मला लाकूड पाहिजे.

"डोक्यावरनं जे उतरवायला आम्हाला तीन पिढ्या लागल्या," ललिता एकदा तिच्यावर कडाडली होती, "ते तू हौसेनं परत उचलणार होय ग?"

"आई, मोळी आणि फर्निचर सेम नाहीये."

"लोकांना सेमच दिसतं!"

"कोण लोक? इथे? सिंगापूरमध्ये?"

"लोक सगळीकडे असतात," ललिता म्हणाली होती, आणि भांडी इतक्या जोरात आपटली होती की खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीबाईंनी छतावर काठी ठोकली.

रत्नदीप या भांडणात कुठे होता? कुठेच नाही. दोन बायका भांडायला लागल्या की तो हुम्बोल्टला घेऊन बेडरूममध्ये जायचा.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं पूर्ण भाषण ललिताला म्हणून दाखवलं. जेवणाच्या टेबलाशी उभा राहून, वरणाच्या भांड्याला अध्यक्षस्थानी समजून. आणि खोटं कशाला बोला, भाषण झालं होतं सुरेख. हुम्बोल्ट स्वतः कधी शाळेच्या बाकावर बसला नाही, घरीच शिक्षक ठेवून शिकला. नेपोलियननं प्रशियाचं पार पानिपत केल्यावर देश सावरायचा तर शाळा सावरायला हव्यात, म्हणून राजानं त्याला रोमच्या वकिलातीतून बोलावलं. यायला तो राजी नव्हता. आला, आणि वर्ष-सव्वा वर्षात खालच्या शाळेपासून विद्यापीठापर्यंत सगळी घडी नव्यानं बसवली. मग स्वतंत्र अधिकार देईनात म्हणून राजीनामा तोंडावर फेकला. पुढे पुन्हा सरकारात गेला, तर वर्तमानपत्रं आणि विद्यापीठं यांची मुस्कटदाबी चालली होती तिला आडवा आला आणि घरी बसवला गेला. मग उरलेलं आयुष्य भाषांचा अभ्यास करत काढलं, अगदी इथून विमानानं दोन तासांवर असलेल्या जावाच्या जुन्या भाषेचासुद्धा.

"आणि मित्रहो," रत्नदीपचा आवाज चढला, "त्याचं म्हणणं काय होतं? आधी माणूस घडवा, मग त्याचा धंदा. हे शिक्षण सगळ्यांना एकच. सुताराला ग्रीक शिकवलं तर ते फुकट जाणार नाही, आणि पंडितानं टेबल करायला शिकलं तर तेही फुकट जाणार नाही!"

ललिता भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाली, "ते टेबलाचं काढा."

"कुठलं?"

"पंडितानं टेबल करायचं. सुताराला ग्रीक ठेवा, ते चांगलंय. टेबल काढा."

"अगं, ते एकच वाक्य आहे त्याचं. दोन्ही पारडी—"

"अहो, सोमवार तोंडावर आलाय आणि तुम्ही भर सभेत पोरीच्या हातात कोलीत देताय! ती काय म्हणेल? बाबाच म्हणाले, टेबल करा. काढा म्हणते ना!"

रत्नदीपनं चष्मा पुसला. वीस वर्षांच्या संसारात त्यानं एक शहाणपण शिकून घेतलं होतं, की ललिता 'म्हणते ना' म्हणाली की वाद संपला. त्यानं ते काढलं. फ्लॅटच्या भिंती किती पातळ असतात हे दोघांनाही त्या क्षणी सुचलं नाही.

मग ललितानं प्रश्नही स्वतःच लिहून दिला. "हुम्बोल्ट यांच्या विचारांपासून आजच्या विद्यार्थ्यांनी कोणता बोध घ्यावा?" प्रियानं कागद वाचला, घडी केला, खिशात घातला.

"पाठ करशील ना?"

"करीन," प्रिया म्हणाली. इतक्या शहाण्यासारखी म्हणाली की आईला तिथेच संशय यायला हवा होता.

रविवारी हॉल भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, समोर बुद्ध आणि बाबासाहेब, दाराशी चपलांचा ढीग. जय भीम, जय भीम करत माणसं येत होती. पाहुणे म्हणून रत्नदीपनं चारुदत्तला बोलावलं होतं. चारुदत्त पुण्याचा, बँकेत आयटी मॅनेजर, बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत राहायचा, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख झालेली. माणूस दिलखुलास, हात सढळ. येताना सगळ्यांसाठी अंजीर बर्फीचे दोन डबे घेऊन आला होता. ललिताला तो आवडायचा.

भाषण रंगलं. रत्नदीप घरी कितीही पुस्तकी वाटला तरी माईक हातात आला की वेगळाच माणूस व्हायचा. हुम्बोल्टनं राजीनामा दिला तिथे तर एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. ललिता दुसऱ्या रांगेत बसून एकेक वाक्य मनात मोजत होती. आलं ते वाक्य. "सुताराला ग्रीक शिकवलं तर ते फुकट जाणार नाही!" पूर्णविराम. टाळ्या. तिचा जीव भांड्यात पडला.

"आता आपल्या नियमाप्रमाणे पहिला प्रश्न," सुलेखाताई म्हणाल्या, "कुमारी प्रियदर्शिनी विचारेल."

प्रिया उठली. कागद खिशातच राहू दिला.

"बाबा, तुम्ही म्हणालात की सुतारानं ग्रीक शिकलं तर चांगलं. पण वाक्य तिथे संपत नाही ना? पुढे आहे की पंडितानं टेबल केलं तरी ते वाया जात नाही. शुक्रवारी तुम्ही म्हणत होता. आज का नाही म्हणालात?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. प्रियाचं मराठी असं घोटून घोटून यायचं, मध्ये इंग्रजीचा खडा न लागू देता बोलायची म्हणजे तिला घाम फुटायचा. तिच्या कपाळावर तो फुटलेला ललिताला दिसत होता. पण ती बसली नाही.

"आणि माझा दुसरा प्रश्न. सुताराला पंडित व्हायला सांगणारे खूप आहेत. पंडिताच्या मुलीला सुतार व्हायचं असेल, तर त्याला शिक्षण म्हणायचं की नाही?"

रत्नदीपनं माईक या हातातून त्या हातात घेतला. त्याच्या खिशात ज्या प्रश्नाचं उत्तर होतं तो प्रश्न आलाच नव्हता. तो एकदा ललिताकडे बघणार होता, पण त्यानं बघणं टाळलं, आणि त्याचं टाळणंच तिला जास्त झोंबलं.

"प्रिया म्हणते ते बरोबर आहे," तो म्हणाला. "वाक्य पूर्ण आहे. अर्धं मी केलं. चूक माझी."

आता खरं म्हणजे ललितानं गप्प बसायचं. नवऱ्यानं अंगावर घेतलं होतं, प्रकरण तिथे मिटलं असतं. पण आपलं ओझं दुसऱ्यानं उचललेलं या बाईला कधी सहन झालंय? ती ताडकन उभी राहिली.

"त्यांनी नाही काढलं. मी काढायला लावलं. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन."

"ललिता, अगं बस," सुलेखाताई कुजबुजल्या. कुजबूज माईकमधून सगळ्या हॉलला ऐकू आली.

"नाही ताई, विचारलंय ना पोरीनं, तर उत्तर घेऊ दे. तिला पॉलिटेक्निकला फर्निचर करायला जायचंय. उद्या शेवटचा दिवस आहे. माझ्या आजीनं मोळ्या विकल्या हे इथे सगळ्यांना माहितीये, तुमच्या घरातही कुणी ना कुणी तसंच काही केलंय. पंडितांच्या पोरांनी खुशाल टेबलं करावीत हो. त्यांचं पंडितपण कुठे पळून जाणार आहे? आमचं काल आलेलं. ते आधी घट्ट धरू दे." ती प्रियाकडे वळली. "हे माझं 'का नाही'. पाहिजे होतं ना?"

"हो," प्रिया म्हणाली. "थँक यू. पण मला पटलं नाही."

"नको पटू दे!"

दोघी माय-लेकी समोरासमोर उभ्या, मध्ये खुर्च्यांच्या दोन रांगा. हॉलमध्ये बायका माना डोलवत होत्या, काही ललिताच्या बाजूनं, काही पोरीच्या. सुलेखाताई खिरीच्या पातेल्याकडे आशेनं बघायला लागल्या.

तेवढ्यात चारुदत्तनं हात वर केला.

"मी बाहेरचा माणूस आहे, पण बोलू का? मला राहवत नाही." तो मनापासून बोलत होता, त्याबद्दल शंका नको. "वहिनींचं मला शंभर टक्के पटलं. बघ प्रिया, आमच्या सौमित्रनं लॉ सोडून पॉटरी धरली. आम्ही त्याला घरातच चाक घालून दिलंय, भट्टी आणून दिलीय. मागच्या महिन्यात त्याचं प्रदर्शन झालं, लोकांनी काय कौतुक केलं! पण आमचं वेगळं आहे बेटा. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण आहे. एखाद्यानं मातीत हात घातला तरी चालून जातं. तुम्ही लोक किती कष्टानं वर आलात. तुम्हाला ही चैन इतक्यात परवडणारी नाही. अजून एकदोन पिढ्या जाऊ देत. तू आधी डिग्री घे, सुतारकी काय, नंतर छंद म्हणून करता येईलच."

आणि तो ललिताकडे बघून आपुलकीनं हसला, वहिनी, मी तुमच्याच बाजूचा, अशा थाटात.

ललिता अजून उभीच होती. चारुदत्तनं एकही शब्द असा उच्चारला नव्हता जो तिनं गेल्या तीन महिन्यांत स्वतःच्या स्वयंपाकघरात उच्चारला नाही. घट्ट धरू दे. इतक्यात नको. नंतर छंद म्हणून कर. हेच ती म्हणत होती, आणि म्हणताना तिला ती माया वाटत होती. आता तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि तिच्या कानशिलांतून जाळ निघाला. एकदोन पिढ्या! म्हणजे प्रियानं थांबायचं, प्रियाच्या पोरीनंही थांबायचं, आणि तोवर या माणसाचा सौमित्र मातीत खेळून कलावंत होणार.

"चारुदत्त भावोजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका शांत होता की रत्नदीपनं माईक खाली ठेवला. त्याला तो आवाज माहीत होता. "सौमित्रनं डिग्री घेतली का आधी?"

"नाही, म्हणजे दुसऱ्या वर्षाला सोडलं, पण—"

"पण तुमचं वेगळं आहे."

"वहिनी, तुम्ही गैरसमज करून घेताय. मी तुमच्याच—"

"माझ्याच बाजूनं बोललात. अगदी माझंच बोललात. म्हणून तर अंगाला आग लागली माझ्या!" आता आवाज चढला. "सौमित्रनं चिखलात हात घातला की ती कला. माझ्या पोरीनं रंधा धरला की ती मागे गेली. तो बिघडला तरी तुमच्या घराण्याचं नाव त्याला सांभाळून घेणार. आणि माझ्या पोरीनं जन्मभर परीक्षाच द्यायची, कुणाकुणाला दाखवायला, की बघा हो, आम्ही खरंच शिकलो! किती पिढ्या म्हणालात? एक की दोन? हा आकडा कुणी ठरवला? तुम्ही?"

"मी चांगल्यासाठीच म्हणालो हो."

"माहितीये. मीही चांगल्यासाठीच म्हणत होते."

चारुदत्तचा चेहरा उतरला होता. तो हळूच खाली बसला आणि हातांकडे बघत राहिला. वाईट माणूस नव्हता तो. पण ललिताला त्या घडीला त्याची समजूत काढायला वेळ नव्हता. तिला स्वतःवरच चिडायचं होतं आणि ते तिनं भर सभेत चालू केलं.

"गंगाआजीनं मोळी हौसेनं नाही उचलली. गावानं तिच्यासाठी दुसरं काही ठेवलंच नव्हतं. तिनं माझ्या बापाला शिकवलं ते कशासाठी? एका ठरवून दिलेल्या कामातून सोडवून दुसऱ्या ठरवून दिलेल्या कामात बसवायला? मास्तरच हो, डॉक्टरच हो, इंजिनियरच हो, नाहीतर तोंड दाखवू नकोस, असं? मग त्या गावात आणि माझ्यात फरक काय राहिला?" तिला रडायचा भयंकर राग यायचा, म्हणून ती आणखी मोठ्यानं बोलली. "माझी मुलगी सुतार होणार आहे. ऐकलंत सगळ्यांनी? गरीब आहे म्हणून नाही, शिकली नाही म्हणून नाही, कुणी लादलं म्हणून तर मुळीच नाही. तिला आवडतं म्हणून! ज्याला ही चैन वाटते त्यानं खुशाल वाटून घ्यावी. आम्ही करणार चैन. आजपासून करणार!"

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईंनी "शाब्बास!" म्हणून टाळी वाजवली, आणि मग आवाजच आवाज झाला. सगळे काही टाळ्या वाजवत नव्हते. दोघं-तिघं तोंड वाकडं करून बसले होते, आणि एक गृहस्थ तर शेजाऱ्याला स्पष्टच म्हणाले, "पोरीचं नुकसान करतायत." ललितानं ते ऐकलं. उद्या फोनवरून मंडळातल्या अर्ध्या बायका हेच म्हणणार, हेही तिला कळत होतं. म्हणू देत.

रत्नदीप व्यासपीठावरून उतरून खाली आला.

"तुमचं काय?" ललितानं त्याला फैलावर घेतलं. "तुम्ही काहीच बोलला नाहीत इतके दिवस."

"मी पहिल्या दिवसापासून हो होतो."

"मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

"हो," रत्नदीप खाली मान घालून म्हणाला. "धरली होती. राजीनामा देणाऱ्या माणसावर भाषण करत हिंडलो आणि घरात एक वाक्य राखता आलं नाही मला." तो प्रियाकडे वळला. "माझं हो आहे, बाळा. आधीच म्हणायला हवं होतं."

प्रिया खुर्च्यांमधून वाट काढत आली. इतका वेळ ताठ उभी होती ती आता एकदम लहान दिसायला लागली, डोळे मोठे झालेले, ओठ चावलेला. तिनं फोन काढला. पॉलिटेक्निकची जागा स्वीकारायचं पान उघडलेलंच होतं, बहुतेक आठवडाभर ते उघडंच असणार.

"आई, आर यू शुअर? घरी जाऊन विचार कर हवं तर. नंतर बदलता येणार नाही. यू नो, ना?"

"शुअर-बिअर काही नाही," ललिता म्हणाली. "मला भीती वाटतेय. उद्या तुझा हात यंत्रात सापडला तर, तुला कुणी काम दिलं नाही तर, पंचविशीत येऊन म्हणालीस की आई, तू मला अडवलं का नाहीस, तर? सगळं डोक्यात येतंय. पण ही भीती माझी आहे. ती मी सांभाळीन. तुझ्या डोक्यावर नाही द्यायची."

सुलेखाताई खिरीची वाटी घेऊन आल्या, या तिघांना बघून तशाच दोन पावलं मागे सरकल्या.

प्रियाचा अंगठा फोनवर आला आणि तिथेच थांबला. कापत होता. साऱ्या हॉलसमोर बापाला जाब विचारताना जी कापली नव्हती, ती आता कापत होती.

ललितानं तिचं मनगट आपल्या हातात घेतलं. दाबून नाही, नुसतं खालून आधार दिल्यासारखं.

"करवत चालवायचीय ना तुला? मग हात असा कापून कसं चालेल?" ती म्हणाली. "दाब."